‘जास्तीचं कॅल्शियम लघवीवाटे निघून जातं’ : या दाव्याला मुद्देसूद उत्तर

व्हॉट्सॲपच्या गटांत, यूट्यूबवरच्या चित्रफितींत आणि सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या गप्पांत कॅल्शियमविषयीचा एक संदेश सतत फिरत असतो. शब्द बदलतात, आशय तोच राहतो. चाळिशीनंतर हाडं झिजतात, म्हणून कॅल्शियमची गोळी, डी जीवनसत्त्वाचं ६० हजार युनिटांचं पाकीट आणि गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज घ्यावा. जास्त झालं तरी भीती नाही, कारण जास्तीचं कॅल्शियम किडनी लघवीवाटे बाहेर टाकते. लघवी वाढली तर किडनी जोमानं काम करते आहे असं समजावं. तहान लागली तर पाणी प्यावं, पाण्यानं सगळं धुऊन निघतं. क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा अंदाज देणारी रक्ततपासणी) नॉर्मल आहे, अंगावर सूज नाही, मग किडनीची चिंता कशाला?

मी फिजिशियन आहे आणि या संदेशातल्या एका वाक्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते : ‘लघवी वाढली म्हणजे किडनी जोमात’. रक्तातलं कॅल्शियम वाढलेल्या माणसाला हे पटलं, तर शरीरानं दिलेली पहिली सूचना तो चांगली बातमी समजून बसतो. नंतर तो दवाखान्यात येतो तेव्हा जीभ कोरडी पडलेली, रक्तदाब उतरलेला आणि क्रिएटिनिन चढलेलं असतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो. काही मुद्द्यांत थोडं तथ्य आहे, तेही सांगतो.

‘जास्तीचं कॅल्शियम किडनी बाहेर टाकते’

निरोगी माणसात, एका मर्यादेपर्यंत, हे खरं आहे. पण ती मर्यादा संदेशात कुठेच येत नाही.

शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. रक्तातलं प्रमाण शरीर फार काटेकोर राखतं : १०० मिलिलिटरमागे साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम. किडनीच्या गाळण्यांतून दिवसभरात सुमारे १० ग्रॅम कॅल्शियम गाळलं जातं आणि त्यातलं ९८-९९ टक्के पुढच्या नलिकांमध्ये परत रक्तात घेतलं जातं. दिवसाच्या लघवीत उरतं ते १०० ते ३०० मिलिग्रॅम. किडनीचा मूळ कल कॅल्शियम राखण्याकडे आहे. रक्तात ते किंचित वाढलं की मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी कॅल्शियम वाढवणारा आपला स्राव कमी करतात आणि किडनी थोडं जास्त सोडून देते. एखाद्या दिवशी दूध जास्त झालं, गोळी चुकून दोनदा घेतली, तर ही यंत्रणा ते सहज सांभाळते.

आत येणारा ओघ सतत मोठा राहिला की ती अपुरी पडते. डी जीवनसत्त्व खूप झालं की आतडं गरज नसतानाही कॅल्शियम शोषतं, हाडांतूनही ते सुटू लागतं. पॅराथायरॉइडचीच गाठ असेल तर ग्रंथी थांबायचं नाव घेत नाही. क्षयरोगात आणि सारकॉइडोसिस या अवयवांत दाहाच्या गाठी करणाऱ्या आजारात त्या गाठींमधल्या पेशी स्वतःच डी जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप तयार करतात. त्यावर किडनीचा ताबा चालत नाही. आपल्याकडे क्षयरोग दुर्मीळ नाही, म्हणून हे लक्षात ठेवायला हवं : वजन घटलेल्या, सतत थकलेल्या माणसाला ‘ताकदीसाठी’ म्हणून डी आणि कॅल्शियम सुरू करणं कधी कधी उलटं पडतं.

शिवाय रक्तदाबाच्या गोळ्या. टेल्मिसार्टनसारख्या औषधाला जोडून हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन दिलेल्या गोळ्या आपल्याकडे घराघरांत आहेत. गोळ्या चांगल्या आहेत, त्या स्वतःहून बंद करू नका. पण या थायाझाइड गटातली औषधं लघवीतून जाणारं कॅल्शियम कमी करतात. म्हणजे ज्या वाटेच्या भरवशावर हा संदेश सगळं सोडून देतो, तीच वाट या माणसांत अरुंद झालेली असते. साठीच्या पुढच्या एकाच माणसाकडे रक्तदाबाची अशी गोळी, कॅल्शियम, डीचं पाकीट, पित्तासाठी अँटासिड आणि गुडघ्यासाठी वेदनाशामक अशी पाच औषधं असणं अगदी नेहमीचं आहे. ती बहुधा वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेली असतात, आणि पाचही एकत्र कुणी पाहिलेली नसतात.

‘लघवी वाढली म्हणजे किडनी जोमात’

इथे थोडं थांबून समजून घ्यायला हवं, कारण सगळा घोटाळा इथेच आहे.

दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि लघवी होते दीड-दोन लिटर. बाकीचं सगळं पाणी परत घेतलं जातं. किडनीची खरी कर्तबगारी या परत घेण्यात आहे. उन्हाळ्यात घाम गेला, पाणी कमी पडलं, तर ती लघवी घट्ट, गडद पिवळी करते आणि शरीरातलं पाणी वाचवते. हे ती दोन टप्प्यांत करते. नलिकेचा एक भाग किडनीच्या आतल्या गाभ्यात खोलवर जाऊन वळतो आणि पुन्हा वर येतो. त्याच्या वर येणाऱ्या जाड भिंतीच्या पट्ट्यातून मीठ बाहेर ओढलं जातं, त्यामुळे गाभा खारट होतो. मग शेवटच्या संग्राहक नलिकेत मेंदूकडून येणारं व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक पाण्यासाठीचे मार्ग उघडतं आणि त्या खारट गाभ्याच्या ओढीनं पाणी परत शरीरात येतं.

वाढलेलं कॅल्शियम हे दोन्ही टप्पे बिघडवतं. बोस्टनमधल्या एडवर्ड ब्राउन आणि स्टीव्हन हेबर्ट यांच्या गटानं १९९३ मध्ये गाईच्या पॅराथायरॉइड ग्रंथीतून कॅल्शियम ओळखणारा एक ग्राहक-रेणू शोधून काढला. पुढे कळलं की तोच रेणू किडनीच्या नलिकांवरही आहे. जाड पट्ट्यावरच्या या रेणूला रक्तातलं जास्तीचं कॅल्शियम चिकटलं की तिथलं मीठ ओढण्याचं काम मंदावतं. फ्युरोसेमाइड हे लघवी करवणारं औषध, म्हणजे सगळ्यांच्या ओळखीचं लॅसिक्स, याच जागी काम करतं. थोडक्यात, कॅल्शियम वाढलेल्या माणसाला न दिलेलं लॅसिक्स लागू पडल्यासारखं होतं. मीठ लघवीत वाहून जातं आणि गाभ्याचा खारटपणा कमी होतो. दुसरीकडे, संग्राहक नलिकेत उतरलेलं कॅल्शियम तिथल्या रेणूला जागं करतं आणि व्हॅसोप्रेसिनचा हुकूम पाळला जाईनासा होतो. पाण्याचे मार्ग पुरेसे उघडत नाहीत. संप्रेरक रक्तात भरपूर असतं, पण किडनीला त्याचं म्हणणं ऐकू येत नाही.

यामागे निसर्गाचा एक हेतू असावा, असं संशोधक मानतात. लघवीत कॅल्शियम खूप असताना ती घट्ट केली तर खडे बनतील, म्हणून किडनी ती पातळच ठेवते. पण या सोयीची किंमत शरीरातलं मीठ आणि पाणी देऊन चुकवावी लागते, आणि कॅल्शियम चढतंच राहिलं तर ती परवडत नाही.

पाटाचा बांध फुटून पाणी रानभर पसरलं, तर विहिरीला पाणी वाढलं असं कुणी शेतकरी म्हणणार नाही. कॅल्शियम वाढलेल्या माणसाची लघवी वाढते ती अशी. दिवसाला तीन-चार लिटर, पाण्यासारखी पांढरी, आणि रात्री पुन्हा पुन्हा उठावं लागतं. बरेच लोक मधुमेहाच्या शंकेनं साखर तपासतात, ती नॉर्मल येते आणि तपास तिथेच थांबतो. पुरुषांना प्रोस्टेट सांगितलं जातं, बायकांना मूत्राशयाचा त्रास. जास्त लघवी, जास्त तहान आणि नॉर्मल साखर असं त्रिकूट दिसलं की रक्तातलं कॅल्शियम तपासायलाच हवं, एवढी एक गोष्ट या लेखातून कुणाच्या लक्षात राहिली तरी मला बरं वाटेल.

‘तहान लागली तर पाणी प्या, सगळं धुऊन निघतं’

कॅल्शियम किंचित वाढलं असेल, १२ च्या खाली असेल आणि माणूस हिंडता-फिरता असेल, तर पाणी नीट पिणं चांगलंच. डॉक्टरही तेच सांगतात. एवढ्यापुरता संदेश बरोबर आहे.

पण शरीरातून केवळ पाणी गेलेलं नसतं, पाण्याबरोबर मीठही गेलेलं असतं. रक्तवाहिन्यांमधला द्रव कमी झाला की किडनी सोडियम वाचवायला धावते. नलिकेच्या सुरुवातीच्या भागात कॅल्शियम सोडियमच्याच मागोमाग परत घेतलं जातं. त्यामुळे माणूस जितका सुकतो, तितकं जास्त कॅल्शियम किडनी राखून ठेवते. कॅल्शियम वाढतं, म्हणून मीठ-पाणी जातं; मीठ-पाणी जातं, म्हणून कॅल्शियम आणखी वाढतं. हे चक्र एकदा सुरू झालं की आपसूक थांबत नाही.

त्यात भर पडते ती पोटाच्या तक्रारींची. वाढलेल्या कॅल्शियमनं मळमळ होते, भूक मरते, उलट्या होतात, बद्धकोष्ठ होतो. सतत तहानलेल्या माणसाला पाणी पोटात टिकत नाही. म्हातारं माणूस गुंगीत असेल, बिछान्याला खिळलेलं असेल, तर ते पाणी मागतच नाही. घरच्यांना वाटतं, वय झालं, आता झोप जास्त लागते. त्यातून खिळलेल्या माणसाच्या हाडांतलं कॅल्शियमही न हलण्यामुळे रक्तात उतरत असतं.

म्हणून रुग्णालयात पहिला उपचार असतो शिरेतून मिठाचं सलाईन, ०.९ टक्क्यांचं. साधारणपणे तासाला २०० ते ३०० मिलिलिटर या वेगानं ते सुरू करतात आणि लघवी तासाला १०० ते १५० मिलिलिटर होईल असा वेग पुढे जुळवतात. हृदय कमजोर असेल तर वेग कमी ठेवतात, छाती सारखी तपासतात. मीठ आणि पाणी दोन्ही भरून निघालं की किडनीची कॅल्शियम राखण्याची धडपड थांबते आणि ते लघवीत सुटू लागतं. तरीही सलाईननं वेळ मिळतो, मूळ कारण जात नाही. कॅल्सिटोनिन काही तासांत थोडा उतार देतं. झोलेड्रॉनिक ॲसिडसारखी औषधं हाडांतून सुटणारं कॅल्शियम अडवतात, त्यांना दोन ते चार दिवस लागतात, आणि किडनीची अवस्था पाहूनच ती द्यावी लागतात. डी जीवनसत्त्वाच्या अतिरेकात किंवा सारकॉइडोसिसमध्ये स्टिरॉइड उपयोगी पडतात. काही जणांना डायलिसिसही लागतं.

एक जुनी पद्धत अजून काही ठिकाणी दिसते : कॅल्शियम वाढलं की सलाईनबरोबर लगेच लॅसिक्स. लॅसिक्सनं लघवीतलं कॅल्शियम वाढतं हे खरं, पण आधीच सुकलेल्या माणसाला ते देणं म्हणजे त्याला आणखी सुकवणं. अंगात पाणी जास्त साठलं, दम लागू लागला, तर त्याची जागा आहे, त्याआधी नाही.

घरी मीठ घालून पाणी पाजणं हा यावरचा उपाय समजू नका. किती मीठ, किती वेगानं आणि कुणाच्या हृदयाला ते झेपेल, हे रक्त तपासून ठरवायचं असतं.

‘क्रिएटिनिन नॉर्मल, सूज नाही, मग किडनी ठीक’

सुजेचं आधी. किडनीचा आजार म्हणजे पाय सुजणार, डोळ्यांखाली फुगणार, ही लोकांच्या मनातली पक्की खूण आहे. कॅल्शियमनं बिघडणाऱ्या किडनीत माणूस सुकत जातो. त्यामुळे सूज नसणं इथे काहीच सांगत नाही.

क्रिएटिनिनचा मुद्दा जास्त गुंतागुंतीचा आहे. लघवी घट्ट करण्याची क्षमता बऱ्याचदा आधी जाते, गाळण्याची क्षमता नंतर. क्रिएटिनिन गाळण्याच्या क्षमतेबद्दल सांगतं, घट्ट करण्याच्या क्षमतेबद्दल नाही. शिवाय किरकोळ अंगाच्या वयस्कर बाईचं क्रिएटिनिन एरवी ०.६ असेल आणि आता ते १.१ झालं असेल, तर प्रयोगशाळेच्या कागदावर ते नॉर्मलच्या रकान्यात बसेल. प्रत्यक्षात तिची किडनी जवळजवळ निम्म्यावर आलेली असते. जुना अहवाल शेजारी ठेवल्याशिवाय हे कळत नाही.

कॅल्शियम गाळण्याच्या क्षमतेवरही घाला घालतंच. गाळणीत रक्त आणणारी बारीक धमनी त्यानं आक्रसते. शरीर सुकल्यामुळे रक्ताचा पुरवठा आणखी कमी होतो. हे दोन्ही वेळेत पकडलं तर बहुतेक परत येतं, आणि ते पाहणं डॉक्टरसाठी खूप समाधानाचं असतं : सलाईन आणि नेमका उपचार मिळाल्यावर काही दिवसांत क्रिएटिनिन उतरतं, माणूस शुद्धीत बोलू लागतो. पण कॅल्शियम महिनोन्‌महिने वाढलेलं राहिलं तर किडनीच्या मांसातच त्याचे क्षार साठतात, खडे होतात, नलिकांभोवती व्रण पडतात. सोनोग्राफीत किडनीचा गाभा पांढरा चकाकताना दिसतो. त्यातलं बरंचसं पुढे भरून येत नाही.

याच्या उलटी चूक डॉक्टरांकडून होते, आणि तीही इथे सांगायलाच हवी. क्रिएटिनिन २ च्या वर दिसलं की ‘किडनी खराब झाली’ असा शिक्का बसतो. कॅल्शियम तपासलं जात नाही, कारण किडनीच्या तपासणीच्या पॅकेजमध्ये काही प्रयोगशाळा ते धरतात, काही धरत नाहीत. जुन्या किडनीविकारात कॅल्शियम सहसा कमी किंवा नॉर्मल असतं. ते वाढलेलं सापडलं तर गाडी थांबवून कारण शोधायला हवं. साठीचा माणूस, कंबर आणि पाठ दुखते, हिमोग्लोबिन उतरलेलं, क्रिएटिनिन चढलेलं : हे मायलोमाचं, म्हणजे अस्थिमज्जेतल्या एका कर्करोगाचं, ओळखीचं रूप आहे आणि त्यात कॅल्शियम वाढतं. अशा माणसाला पाठदुखीसाठी घरचे काय देतात? कॅल्शियमची गोळी आणि वेदनाशामक. दोन्ही त्याच्या किडनीला थेट मारक ठरतात. ‘हाड दुखतं म्हणजे कॅल्शियम कमी’ हे समीकरण किती महागात पडू शकतं, त्याचं याहून स्पष्ट उदाहरण मला सुचत नाही.

पॅराथायरॉइडच्या गाठीतही हेच समीकरण फसवतं. हा आजार पाळी गेलेल्या बायकांमध्ये जास्त दिसतो. हाडं खरोखर ठिसूळ होतात, कारण ग्रंथी हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओतत असते. हाडांची घनता कमी आली म्हणून गोळ्या सुरू होतात, रक्तातलं कॅल्शियम कुणी पाहत नाही. बहुतेकांत एकच गाठ असते आणि ती काढली की आजार बरा होतो. रक्तातलं कॅल्शियम वाढण्याच्या दर १० प्रकरणांत ९ वेळा कारण पॅराथायरॉइड किंवा कर्करोग यांपैकी एक निघतं, असं पाठ्यपुस्तकं सांगतात. म्हणून कॅल्शियम वाढलेलं दिसलं की ‘गोळ्या बंद केल्या, संपलं’ असं म्हणून चालत नाही, पॅराथायरॉइड संप्रेरकाची तपासणी व्हायलाच हवी.

‘डी जीवनसत्त्व नैसर्गिक आहे, ६० हजाराचं पाकीट रोज घेतलं तरी चालतं’

उन्हातून मिळणारं डी जीवनसत्त्व खरोखरच जास्त होत नाही. त्वचेत तयार होणारा त्याचा पूर्वरेणू जास्त झाला की तेच ऊन त्याला निरुपयोगी रूपांत बदलून टाकतं. पाकिटाला आणि इंजेक्शनला असा लगाम नाही.

प्रौढ माणसाची रोजची गरज आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं, २०२० च्या शिफारशींत ६०० युनिट धरली आहे आणि रोजची सुरक्षित कमाल मर्यादा ४,००० युनिट. ६० हजारांचं पाकीट म्हणजे १०० दिवसांची गरज. कमतरता सिद्ध झालेल्या माणसाला ते आठवड्यातून एकदा, साधारण ८ आठवडे देतात. म्हणजे सगळे मिळून ४ लाख ८० हजार युनिट. तेच पाकीट कुणी दोन महिने रोज घेतलं तर ३६ लाख युनिट पोटात जातात. चिठ्ठीवरचं ‘आठवड्यातून एकदा’ हे ‘दिवसातून एकदा’ असं वाचलं जातं, किंवा बरं वाटलं म्हणून माणूस स्वतःच वाढवतो. त्यातच अंग दुखतं म्हणून ६ लाखांचं इंजेक्शन, दर महिन्याला.

ही भीती कागदावरची नाही. श्रीनगरमधल्या डॉक्टरांनी २०११ मध्ये अशा रुग्णांची मालिका प्रसिद्ध केली. ज्या भागात डी जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आहे, त्याच भागात उपचाराच्या नावाखाली दिलेल्या प्रचंड मात्रांनी माणसं आजारी पडली होती. अमेरिकेत बोस्टनजवळच्या एका डेअरीच्या दुधात चुकून डी जीवनसत्त्व फार जास्त पडलं आणि ८ जणांना विषबाधा झाली, ती हकीकत १९९२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. ती माणसं फक्त दूध पीत होती.

डी जीवनसत्त्व चरबीत साठतं, हे यातलं सर्वांत त्रासदायक. पाकीट आज बंद केलं तरी कॅल्शियम पुढे कित्येक आठवडे, कधी महिने, वाढलेलं राहू शकतं, आणि तेवढा काळ किडनी ते सोसत राहते. रुग्णालयातून घरी गेलेला माणूस पंधरा दिवसांत पुन्हा उलट्या घेऊन येतो, त्याचं कारण हे असतं.

‘गव्हाच्या दाण्याएवढा चुना’

प्रामाणिकपणे हिशेब करू. गव्हाचा दाणा ४०-५० मिलिग्रॅमचा. तेवढ्याच भिजवलेल्या चुन्यातलं पाणी वजा केलं तर कॅल्शियम उरतं जेमतेम १०-१५ मिलिग्रॅम. रोजची गरज १,००० मिलिग्रॅम. म्हणजे खरोखर दाण्याएवढाच चुना घेतला तर त्यानं कॅल्शियम वाढणार नाही, आणि हाडंही मजबूत होणार नाहीत. ग्लासभर दुधात याच्या पंधरा-वीसपट कॅल्शियम असतं.

प्रश्न येतो तो मात्रा वाढल्यावर. चहाचा चमचाभर चुन्यात दीड-दोन ग्रॅम कॅल्शियम जातं, आणि चुना जहाल अल्कली आहे. अल्कली आणि कॅल्शियम एकत्र आले की किडनीवर काय होतं, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत आहे. शिकागोच्या बर्ट्रम सिप्पी यांनी १९१५ मध्ये पोटातल्या अल्सरसाठी दर तासाला दूध-साय आणि अल्कलीची पूड देण्याचा उपचार रूढ केला. त्या रुग्णांत पुढे उलट्या, भ्रम आणि किडनी निकामी होणं दिसू लागलं. १९४९ मध्ये बर्नेट आणि सहकाऱ्यांनी त्याचं जुनाट रूप सविस्तर मांडलं. रक्तातला अल्कली वाढला की किडनी कॅल्शियम जास्त राखते. कॅल्शियमनं किडनी बिघडली की अल्कली बाहेर पडत नाही. अल्सरची नवी औषधं आली आणि हा आजार मागे पडला. मग हाडांसाठी कॅल्शियम कार्बोनेटच्या गोळ्या सगळीकडे सुरू झाल्या आणि तो परत आला.

विड्यातल्या चुन्यानंही हे घडल्याची नोंद आहे. तैवानमध्ये सुपारीबरोबर शिंपल्यांचा चुना खाणाऱ्या माणसात हाच आजार आढळला आणि तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे कोकण-गोव्यातही शिंपले भाजून चुना करण्याची रीत जुनी आहे. जेवणानंतरच्या एका विड्याबद्दल मी बोलत नाही. दिवसभर पान-तंबाखू चघळणाऱ्या, शिवाय कॅल्शियमच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाबद्दल बोलतो आहे. डॉक्टरला गोळ्या सांगितल्या जातात, चुना कुणी सांगत नाही.

‘मुतखडा होतो, म्हणून दूधच बंद करा’

हा दुसऱ्या टोकाचा संदेश, आणि तोही तितकाच चुकीचा. अन्नातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झॅलेटला बांधून ठेवतं आणि खडे करणारं ऑक्झॅलेट किडनीपर्यंत कमी पोचतं. इटलीत खडे होणाऱ्या १२० पुरुषांवर ५ वर्षं केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅल्शियम तोडलेल्या ६० जणांत २३ जणांना पुन्हा खडे झाले. कॅल्शियम नेहमीइतकंच ठेवून मीठ आणि मांस कमी केलेल्या ६० जणांत १२ जणांना. गोळ्यांचं मात्र वेगळं : अमेरिकेत ३६ हजारांहून अधिक बायकांच्या चाचणीत कॅल्शियम आणि डीच्या गोळ्या घेणाऱ्यांत मुतखड्याचं प्रमाण १७ टक्क्यांनी जास्त निघालं. तेव्हा दूध, ताक, तीळ, १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम देणारी नाचणी, हे सगळं निर्धास्त खा. कमतरता तपासून डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर तीही घ्या, सांगितली तितकीच आणि सांगितली तितकेच दिवस.

आता कुणी तपासायचं ते सांगतो. डीची इंजेक्शनं किंवा पाकिटं महिनोन्‌महिने चालू असलेल्यांनी. कॅल्शियमबरोबर थायाझाइडची गोळी घेणाऱ्यांनी. ज्यांना पुन्हा पुन्हा खडे होतात त्यांनी. कारण न सापडलेली जास्त लघवी, हट्टी बद्धकोष्ठ किंवा नव्यानं वाढलेलं क्रिएटिनिन असलेल्या प्रत्येकानं. तपासणी साधी आणि स्वस्त आहे. तिच्याबरोबर अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाची तपासणीही मागा, कारण रक्तातलं जवळजवळ ४० टक्के कॅल्शियम त्याला चिकटून असतं. अल्ब्युमिन कमी असलेल्या कृश माणसात वाढलेलं कॅल्शियम नॉर्मल दिसू शकतं. अल्ब्युमिन ४ ग्रॅमच्या खाली असेल तर कमी पडलेल्या प्रत्येक १ ग्रॅममागे कॅल्शियमच्या आकड्यात ०.८ मिळवून पाहायचं, एवढा हिशेब घरीही करता येतो. आकडा किंचितच जास्त असेल तर एकदा पुन्हा तपासून घ्या, दंडाला पट्टा जास्त वेळ आवळून रक्त घेतलं तरी तो चढतो.

डॉक्टरकडे जाताना घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या : आयुर्वेदिक भस्मं, पित्ताच्या चघळायच्या गोळ्या, इंजेक्शनची चिठ्ठी, सगळं. आणि घरातलं मोठं माणूस खूप लघवी करून अचानक कमी करू लागलं, उलट्या थांबत नाहीत, बोलणं असंबद्ध झालं किंवा दिवसा उठवूनही उठत नाही, तर पाण्याचा तांब्या भरून वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालयात न्या आणि कॅल्शियम तपासलं का, ते विचारा. १४ च्या वरचं कॅल्शियम ही तातडीची स्थिती आहे.